आई गेली त्याला वर्ष होतंय. तिच्या नावानं काय करावं?

अबोली

नमस्कार मंडळी. मी इथं वाचते जास्त, लिहिते कमी. आज लिहायला बसले, कारण घरात या विषयावर तीनदा बोलणं झालं आणि तिन्ही वेळा कुणीतरी डोळे पुसत उठलं.

आमचं घर गोव्यात, माशेलला. आई गेल्या वर्षी चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आठ दिवस असताना गेली. बाणस्तारीच्या बाजारातून माटोळीचं (गणपतीच्या वर चौकटीला बांधायच्या रानफळांचं) काय काय आणायचं त्याची यादी तिनं करून ठेवली होती. आंबाडे, तोरींजन, कवंडळं, सुपारीचं शिपटं, नारळाचा घड. ती यादी अजून फ्रीजवर चिकटवलेली आहे, काढायला हात होत नाही. माटोळीची चौकट त्या वर्षी रिकामीच राहिली.

आता वर्षश्राद्ध येतंय. वाड्यावरच्या काही जणांचं म्हणणं, बसथांब्यावर शेड बांधावी आणि आईच्या नावाचा फलक लावावा. भाऊ मस्कतला असतो, तो खर्च करायला तयार आहे. काका म्हणतात, हायस्कुलात तिच्या नावानं बक्षीस ठेवा. दोन्ही चांगल्या मनानं सुचवलेलं, पण माझं मन घेत नाही.

आई काय करायची ते सांगते. वाड्यावर कुणी आजारी आहे आणि सोबत जायला घरात माणूस नाही, तर ती त्यांना घेऊन बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी हॉस्पिटलात, जायची. पहिल्या बसनं निघायचं. बाणस्तारी, जुने गोवे, पणजी, आणि कदंब स्टँडवर बस बदलून बांबोळी. तीस वर्षं तरी हे चाललं. ती कुठल्या संस्थेत नव्हती, तिला कुठलं पद नव्हतं. एकदा एका कार्यक्रमात तिचा सत्कार झाला होता. शाल त्याच आठवड्यात एका म्हातारीच्या अंगावर गेली आणि श्रीफळ आमच्या तोणाकात (आमटीत) पडलं.

तिचं एक वाक्य होतं, रस्त्यात, बसमध्ये, वॉर्डाच्या दारात, कुठंही: "भियेनाका, हांव आसां." घाबरू नको, मी आहे.

तुम्ही आपल्या माणसांच्या आठवणीत काय केलंत? काय टिकलं, काय टिकलं नाही? आणि इथं माशेलचं कुणी असेल आणि आईला ओळखत असेल, तर चार ओळी लिहा. वाचायला बरं वाटेल.

सांजवात

अबोली, वाचून गलबलून आलं. माझी आई जाऊन सहा वर्षं झाली. तिच्या हातची यादी माझ्याकडे पण आहे, चकलीच्या भाजणीची. जपून ठेव.

पिंपळपार

अगो, मी तुमच्या शेजारच्या वाड्यावरचा. तू मला ओळखशील, पण इथं नाव नको.

तुझी आई म्हणजे आमची माई. तिची माझी पहिली आठवण चिखलकाल्याची आहे. आषाढी एकादशीचं भजन संपलं की दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या मैदानात आम्ही अंगाला तेल चोपडून उतरायचो. चेंडूफळी, आंधळी कोशिंबीर, चक्र, चिखलात लोळण. खेळ संपला की पोरं घरी जायला घाबरायची, कारण घरची माणसं अंगणातच अडवायची. माई सकाळीच चुलीवर पाण्याचं मोठं भांडं चढवून ठेवायची. तुमच्या विहिरीजवळ आम्ही रांगेनं उभे, आणि ती तांब्यानं कढत पाणी ओतून एकेकाचे कान चोळायची. कुणाचं पोर, कुठल्या घरचं, काही विचारायची नाही. अंघोळ झाली की वाटीभर गूळ घातलेले फोव (पोहे) मिळायचे.

मला वाटायचं ती सगळ्यांचीच आई. आता तुझं लिहिलेलं वाचताना पहिल्यांदा मनात आलं की त्या दिवशी तुम्हा दोघांना अंघोळ शेवटी मिळत असणार.

अबोली

@पिंपळपार, हो, शेवटी. आणि पाणी तोवर कोमट झालेलं असायचं. ओळखलं तुला.

खाजन

बार्देशातून लिहितोय. माझ्या आईचीही अशीच गोष्ट आहे, म्हणून सांगतो.

५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. आम्ही बेतीच्या बाजूला राहणारे. तेव्हा गोमेकॉ बांबोळीला नव्हतं, पणजीतच होतं, आज जिथं इफ्फीच्या, म्हणजे चित्रपट महोत्सवाच्या, दिवसांत झगमगाट असतो त्या जुन्या वास्तूत. पूल होता तोवर नदी कुणाच्या लक्षातही नसायची. एका रात्रीत पणजी दूर गेली. दवाखाना, कचेरी, कॉलेज, सगळं पलीकडच्या काठावर आणि मधे पावसाळ्यातली मांडवी. फेरीबोटीवर एवढी गर्दी की लोक कठड्याला धरून उभे राहायचे.

त्या पावसाळ्यात आमच्या शेजारणीला दिवस भरले होते. नवरा जहाजावर नोकरीला. कळा सुरू झाल्या तेव्हा माझी आई कंदील आणि एक घोंगडी घेऊन तिला धक्क्यावर घेऊन गेली. मी सोबत होतो, वय बारा. आईनं बोटीवरच्या बायकांना नुसतं म्हटलं, "आडोसो करात." बायकांनी छत्र्या उघडून भिंत केली. मूल बोटीवर झालं नाही, पलीकडे पोचून हॉस्पिटलातच झालं, पण त्या पंधरा मिनिटांत मी आईला जेवढं ओळखलं तेवढं आधीच्या बारा वर्षांत ओळखलं नव्हतं. नवा पूल व्हायला १९९२ उजाडलं. मधल्या वर्षांत आईनं अशा किती फेऱ्या केल्या ते तिनं कधी मोजलं नाही.

तिच्या नावानं आम्ही काही केलं नाही. पावसाळ्यात धक्क्यावर गेलो की मी थोडा वेळ उभा राहतो. एवढंच.

डिचोलीवाला

मुद्द्यावर येतो, कारण बक्षिसाचा अनुभव आमच्या घरी आहे. वडिलांनी आजीच्या नावानं गावच्या मराठी प्राथमिक शाळेत चौथीतल्या पहिल्या मुलीला बक्षीस ठेवलं होतं. बँकेत रक्कम, व्याजातून बक्षीस. सुरुवातीला चांगलं चाललं. मग पट घसरत गेला. एका वर्षी चौथीत एकच मुलगी होती, बक्षीस तिलाच. दोन वर्षांनी शाळा शेजारच्या गावच्या शाळेत विलीन झाली. कप आता आमच्या कपाटात आहे.

आजीला शाळेचं अप्रूप होतं त्याला कारण होतं. पोर्तुगीज अमदानीत तिला अक्षरओळख झाली नाही. गोवा मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारनं खेड्यापाड्यांत शाळा काढल्या, तेव्हा माझी आत्या पाटी घेऊन शाळेत जायला लागली आणि रात्री आजी त्याच पाटीवर गिरवायची. म्हणून बक्षीस. पण ज्या गोष्टीला बक्षीस जोडायचं ती गोष्टच उद्या राहील का, हे बघून मग पैसे ठेवा.

सह्यकडा

@डिचोलीवाला, शाळा बंद पडायचं कारण पालक आहेत. आपणच मुलांना इंग्रजीत घालायचं आणि मग मराठी शाळेसाठी रडायचं.

तिसवाडीकर

@सह्यकडा, पालकांना दोष देणं सोपं आहे. शाळेत दोन शिक्षक आणि चार वर्ग असतील तर कोण आई पोराला तिथं ठेवील? आणि मराठी-कोकणी-इंग्रजीचा वाद इथं नको, त्यासाठी वेगळे धागे भरलेत. इथं एका बाईच्या आठवणी चालल्यात.

अबोली

वाद नको, पण @डिचोलीवाला यांचं वाचून एक आठवलं. आईसुद्धा त्याच शाळांची. सावईवेऱ्याला कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) वाढली, उशिरा शाळेत गेली, सातवीपर्यंत शिकली. घरात कोकणी बोलायची, पोथी आणि वर्तमानपत्र मराठी वाचायची, भजन मराठी म्हणायची, आणि धालोंच्या (बायकांच्या गाण्या-नाचाच्या) मांडावर पौषातल्या रात्री कोकणी गाण्यांची पुढची ओळ तीच धरायची. तिला कधी कुठल्या भाषेची अडचण झाली नाही. डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिलेलं ती त्यांच्याकडूनच समजून घ्यायची आणि घरी येऊन आजारी माणसाला मराठीत लिहून द्यायची. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी गोळीच्या पाकिटावर सूर्य काढायची किंवा चंद्र. जेवणाआधीची गोळी असेल तर पालथी वाटी, जेवणानंतरची असेल तर उताणी. आमच्या वाड्यावरच्या म्हाताऱ्या अजून पाकीट पुढं करून विचारतात, "वाटी खंयची गो?" कुठली वाटी गं?

नारळपाणी

वाटीची युक्ती फारच छान. आजच सासूबाईंच्या पाकिटांवर काढते.

दूरदेशी

मी अबोलीचा भाऊ. ताईनं धागा काढलाय हे मला चुलतभावाकडून कळलं. सगळं वाचलं.

मला फलक हवाय. का हवाय ते सांगतो. आई आयुष्यभर दुसऱ्यांच्या नावाचे केसपेपर काढत राहिली. तिचं नाव कुठंच नाही. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नाही, घराच्या दारावर नाही. आपल्या गोव्यात कायद्यानं नवरा-बायकोचा अर्धा-अर्धा वाटा, पण पाटीवर बाबांचं नाव. एका शेडवर तिचं नाव आलं तर त्यात वाईट काय? लोक उन्हापावसात उभे असतात, त्यांना छप्पर मिळेल. तीही त्याच थांब्यावर तीस वर्षं उभी राहिली.

आणि दुसरं. इथं सगळे तिची स्तुती करतायत, ती खरी आहे. पण ती आमचीही आई होती. माझा दहावीचा गणिताचा पेपर होता त्या सकाळी ती घरात नव्हती. कुणाचा तरी पाय मोडला होता. मी स्वतः दही-साखर खाल्ली आणि गेलो. चाळिशी उलटली माझी, अजून ते विसरलो नाही. हे लिहू नये असं वाटत होतं, पण आठवणी लिहायच्या तर खऱ्या लिहायच्या.

पिंपळपार

बाबा रे, त्या दिवशी दुपारी तू आमच्याकडे जेवलास. माई आदल्या रात्री आमच्या आईला सांगून गेली होती, "पेपर देऊन येतलो, ताका उकडे तांदळाचं शीत आनी मुगागाठी वाढ, ताका आवडता." म्हणजे भात आणि मोड आलेल्या मुगांचं तोणाक. आईनं मुद्दाम मूग भिजत घातले होते. मला आठवतंय, कारण मुगागाठी एरवी आमच्याकडे सणालाच व्हायच्या.

दूरदेशी

जेवलो. चांगल्या होत्या. पण मला घरी जेवायचं होतं.

अबोली

बाबू, मला माहीत आहे. माझ्या पहिल्या बाळंतपणात ती तीन आठवडे थांबली, आणि त्यातले चार दिवस तिचं लक्ष बाणस्तारीच्या एका पेशंटकडे होतं. मला राग यायचा. अजूनही मधूनच येतो. तिच्या फोटोसमोर दिवा लावताना सुद्धा येतो.

चोडणकाठ

मला थोडं वेगळं म्हणायचंय, कुणी वाईट वाटून घेऊ नये. ज्या कामाला यंत्रणा हवी ते काम अशा बायका फुकट करत आल्या. आपण त्याला त्याग म्हणतो आणि हार घालतो. मुलांच्या वाट्याची आई त्यात खर्ची पडते, ती वर भावानं लिहिलीच आहे. बसभाड्याचे पैसे कोण देत होतं? तिची स्वतःची तपासणी कधी झाली? ती आजारी पडली तेव्हा तिच्यासोबत कोण गेलं? हे प्रश्न विचारल्याशिवाय नुसतं "थोर माऊली" म्हणणं मला जमत नाही.

अबोली

@चोडणकाठ, विचारलंत ते बरं झालं. बसभाडं ती स्वतःच द्यायची. साठीनंतर सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याचे दोन हजार यायचे, ते तिचे बसचे पैसे. त्यातला एक रुपया तिनं दुसऱ्या कशाला काढला नाही. कुणाला उसने पैसे मात्र ती देत नसे. म्हणायची, पैसे दिले की माणूस तोंड चुकवतो, मग सोबत कशी करणार?

तिची तपासणी वेळेवर झाली नाही. धाप लागायची, ती "जिने चढून" म्हणायची. आम्ही मानलं. हे मला आयुष्यभर बोचणार आहे. शेवटच्या महिन्यात मी तिच्यासोबत गेले, तेव्हा खिडकीवरची बाई आईला म्हणाली, "आज कोणाक हाडलां?" आज कुणाला आणलंत? तिला वाटलं आईनं मलाच आणलंय.

तुळशीकट्टा

मी गेले दोन दिवस हा धागा वाचतेय आणि लिहायचं धाडस करतेय. माझे वडील डायलिसिसवर होते. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार चार तास. आई घरकामाला जायची, मी बारावीत. मी शाळा सोडायचं ठरवलं होतं. माई आमच्या दारात आली आणि म्हणाली, "मंगळवार, गुरुवार माझे. शनवार तुझो." बस, एवढंच बोलणं. सव्वादोन वर्षं तिनं ते दोन वार पाळले.

शनिवारी मी जायला लागले तेव्हा तिनं मला आधी शिकवलं. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावायचे, नवा वर. एक्स-रे दुमडायचा नाही. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, अगदी आयुर्वेदिक पुड्यासुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवायच्या, तोंडी नावं सांगायची नाहीत. उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर जेवणानंतरच्या रक्तासाठी डबा सोबत हवा आणि पहिला घास किती वाजता खाल्ला ते घड्याळ बघून लिहायचं. डॉक्टर काय म्हणाले ते खोलीबाहेर आल्याबरोबर, बाकावर बसून, लगेच लिहायचं. बसमध्ये बसल्यावर अर्धं विसरतं. आरोग्यविम्याचं दीनदयाळ कार्ड आलं २०१६ साली, तेव्हा आमच्या वाड्याचे किती फॉर्म तिनं भरून दिले. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख, हे तिला पाठ होतं.

चार तास ती बाहेर बसून वाती वळायची. कापसाची पिशवी मांडीवर. पप्पा आत, वाती बाहेर. आमच्या वाड्यावरच्या कुठल्या घरात त्या वर्षांत विकतची वात आली नसेल.

पप्पा गेले. मी बारावी झाले, नंतर नर्सिंगही केलं. @दूरदेशी, तुमची आई तुमच्या वाट्याची आम्हाला मिळाली हे मला तेव्हा कळत नव्हतं. आज कळतंय. काय लिहू, सुचत नाही.

दूरदेशी

ताई, तुम्ही काही लिहू नका. वाचलं मी. दोनदा वाचलं.

सांजवात

मधेच विचारते, राग मानू नका. त्यांनी नेत्रदान वगैरे केलं होतं का? आमच्या घरी बोलणं चाललंय, पण वडील म्हणतात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्याचे डोळे घेत नाहीत.

अबोली

@सांजवात, केलं. आईचंही मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं, साखरही होती. दोन्हींचा अडसर नसतो, चष्म्याचा नाही, वयाचाही नाही. घेतात ते डोळ्याचं पारदर्शक पटल. सहा तासांच्या आत व्हायला हवं, म्हणून फोन लगेच करायचा. आईनं मला सगळं सांगून ठेवलं होतं आणि तरी त्या वेळी माझे हात थरथरत होते. डोळे मिटायचे, पापण्यांवर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोकं उशीवर थोडं उंच ठेवायचं. कापूस तिच्याच वातींच्या पिशवीतला घेतला. पंधरा-वीस मिनिटांत झालं, चेहरा होता तसाच होता. दोघांना दृष्टी मिळू शकते म्हणाले.

आत्याबाई चिडल्या होत्या, पुढच्या जन्मी आंधळी होईल म्हणून. मग बाराव्याला त्याच म्हणाल्या, माझंही नाव घाल.

तुळशीकट्टा

याला जोडून, मी या क्षेत्रात आहे म्हणून: कावीळ ब किंवा क, एचआयव्ही, रेबीज, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, अशा काही कारणांनी घेत नाहीत. ते तिथले लोकच ठरवतात, आपण आधीच "नाही चालणार" म्हणून फोन टाळू नये. आणि जिवंतपणी फॉर्म भरलेला असला तरी शेवटी होकार घरच्यांचा लागतो. म्हणून फॉर्मपेक्षा घरात बोलणं महत्त्वाचं.

खाजन

पोलिओच्या रविवारीही त्या असायच्या का? आमची आई असायची.

पिंपळपार

असायच्या म्हणजे! १९९५ ला ती मोहीम सुरू झाली तेव्हापासून. बांधकामावर कर्नाटकातून आलेल्या मजुरांच्या झोपड्या कुठं आहेत हे केंद्रावरच्यांना ठाऊक नसायचं, माईला असायचं. कानडी तिला दोनच शब्द येत होते, "बा" आणि "मगू", ये आणि बाळ. तेवढ्यावर ती पोरं गोळा करून आणायची, डाव्या करंगळीवर शाईची खूण तपासायची. २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, ते वर्तमानपत्राचं कात्रण तिनं देवघराच्या फळीखाली लावलं होतं. अजून आहे का गो?

अबोली

आहे. पिवळं झालंय.

सह्यकडा

एक सूचना. तुम्ही म्हणालात त्या लिहून ठेवायच्या, तर त्यांच्या वह्या असतील. त्या छापून स्मरणिका काढा. अशा नोंदी म्हणजे एका गावाचा तीस वर्षांचा आरोग्याचा इतिहास. मी अक्षरजुळणी फुकट करून देतो.

अबोली

वह्या आहेत, अकरा. शंभर पानी, गोमटेशाच्या चित्राच्या पुठ्ठ्याच्या. भावना पोचली, पण छापणं शक्य नाही. त्यात कुणाच्या घरातलं काय दुखणं ते सगळं आहे. कुणाला काय झालं होतं हे आईनं आम्हालासुद्धा कधी सांगितलं नाही. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं तरी म्हणायची, "हांव म्हज्या कामाक वतां." मी माझ्या कामाला जातेय. एका घरचं दुसऱ्या घरी नेलं नाही म्हणूनच लोक तिला दार उघडायचे.

तिसवाडीकर

अगदी बरोबर. नावं झाकून सुद्धा छापू नका. लहान गावात वय आणि वार कळला तरी माणूस ओळखतात.

सह्यकडा

हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. सूचना मागे घेतो. पण तुळशीकट्टा यांनी लिहिलं तसं, रिपोर्ट कसे लावायचे, डबा, गोळ्यांची पिशवी, वाटीची खूण, एवढीच चार पानं वेगळी काढता येतील ना? त्यात कुणाचं गुपित नाही. ती मी जुळवून देतो, मोठ्या अक्षरात.

अबोली

हे आवडलं. ती पानं मी उतरवून काढते. वह्या कुलपात राहतील.

डिचोलीवाला

मूळ प्रश्न राहिला. शेड की बक्षीस?

चोडणकाठ

मला विचाराल तर शेड बांधाच. मी आधी कडक लिहिलं, पण भावाचा तो मुद्दा मनात राहिलाय. बाईचं नाव कुठंतरी असावं. आणि नुसतं "कै." लावून नव्हे, तिनं काय केलं ती एक ओळ खाली हवी.

खाजन

आणि बाकाला पाठ टेकायला जागा ठेवा. आजारी माणूस उभ्यानं थांबू शकत नाही. बहुतेक शेडमध्ये नुसता कट्टा असतो.

तुळशीकट्टा

शेड होऊ दे, पण माईचे वार कोण करणार? वर्षभरात माझ्या कानावर तीन घरं आलीत जिथं सोबतीला माणूस नाही म्हणून तारीख चुकली. माझी ड्युटी असते, तरी महिन्यातला एक गुरुवार मी देऊ शकते. पिंपळपार, तू निवृत्त झालास ना?

पिंपळपार

झालो. मंगळवार माझा. पण मला तिथलं काही समजत नाही, मी एक-दोनदा कुणाबरोबर तरी जायला हवं. आणि बायकांच्या वॉर्डात मी उपयोगाचा नाही.

नारळपाणी

मी फोंड्याची, पण माहेर माशेल. शनिवार जमेल. चोडणकाठ यांनी विचारलं होतं तसं बसभाड्याचं आधीच ठरवा, नाहीतर पुन्हा कुणीतरी एकटीच स्वतःच्या पेन्शनीतून भागवत बसेल.

दूरदेशी

बसभाडं माझ्याकडे. शेड आणि भाडं, दोन्ही. ताई, हिशोब पिंपळपारकडे दे, तुझ्याकडे नको, तू विसरतेस. फलकावर काय लिहायचं ते तूच ठरव, मला एकच सांगायचंय, तिचं माहेरचं नावही घाल.

मी श्राद्धाला दहा दिवसांसाठी येतोय. मधे एक मंगळवार येतो. मला बांबोळीला कुठं काय आहे काहीच माहीत नाही, मी आईबरोबर तिथं एकदाही गेलो नाही. पिंपळपार बरोबर मीही येतो. कुणाला न्यायचं असेल तर बघून ठेवा.

अबोली

बघून ठेवते. खालच्या वाड्यावरच्या आजीची डोळ्यांची तारीख त्याच मंगळवारी आहे. मी त्यांना विचारलं, त्या म्हणाल्या, "तुजो भाव? तो मस्कतचो? ताका केसपेपर काडूंक येता?" त्याला केसपेपर काढता येतो का? मी म्हटलं, शिकेल.

दूरदेशी

सकाळी कितीची बस?

अबोली

पहिली. सहाच्या आधी थांब्यावर ये, आजी लवकर येऊन बसतात. आधारकार्डाची झेरॉक्स दोन प्रती, सुटे पैसे, पाण्याची बाटली. घासाची वेळ लिहायला वही आणि पेन मी आईच्या पिशवीत घालून ठेवलंय. डबा मी देते, मुगागाठी करते.